कारणाचा रकाना

केसपेपरवर तिनं लिहिलं होतं :
बायजाबाई येडगे, वय अंदाजे साठ,
दाब एकशे ऐंशी, गोळ्या नियमित घेत नाही.
समज दिली.
मागच्या महिन्यात, समज दिली.
त्याच्या मागच्या महिन्यातही.
मी लाल पेनानं तेवढंच अधोरेखित केलं
आणि विचारलं, कोणी कोणाला?

डॉक्टर नाझनीन शिकलगार, दुसरं वर्ष,
इचलकरंजीची. मागाच्या खडखडाटात वाढलेली,
म्हणून वॉर्डातही जरा मोठ्यानेच बोलते.
त्या दिवशी बोलली नाही.

म्हटलं, गगनबावड्याची एसटी साडेसहाला आहे.
दवाखान्याची जीप नको.
तुझा पेशंट ज्या गाडीनं येतो
तिचं तिकीट किती, ती कुठल्या चढाला धापते,
चुकली तर पुढची कधी,
हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही.
माझ्या आहे.

पुढचं तिनं सांगितलेलं.
शेवटच्या थांब्यावर मालन डवरी उभी होती,
आशाताई, चपला हातात, लसीचा डबा खांद्याला.
दीड तास चढ. निम्म्यात हिचा श्वास संपला.
मालन म्हणाली, टेका मॅडम,
वरची माणसं कुठं पळून जात न्हाईत.

धनगरवाड्यावर सात घरं.
सरकारी संडासात लाकडं रचलेली,
पाणी खाली झऱ्यावर.
बायजाबाईनं आधी ताक दिलं,
मग फडताळातून बांगड्यांचा डबा काढला.
आत सगळ्या गोळ्या, एकही न फेकलेली,
पाकिटं रबराला बांधून, नोटा ठेवाव्यात तशी.

घेत का नाही, आजी?

(हे तिनं हळू विचारलं, म्हणाली.
आवाज आपोआपच खाली आला.)

घेत हुतो की. रातच्या जेवणावर, तुमी सांगितल्यागत.
मग दोनदा उठाय लागतंय.
आन् भाईर गवा उभा असतोय, पोरी,
दाराम्होरं, ह्या खांबाएवढा.
दाबानं मरीन तवा मरीन.
गवा थांबतोय व्हय?

नाझनीननं वही उघडली नाही.
म्हशी किती वाजता सोडता, एवढंच विचारलं.
मग पाकिटावर मालनकडून सूर्य काढून घेतला
आणि मोठ्यानं म्हणाली, पुन्हा आपल्या आवाजात :
एक गोळी. म्हशी सोडायच्या आधी.

तीस वर्षं शिकवतोय मी,
असा डोस कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

आणि मला तो माणूस आठवला,
राधानगरीच्या केंद्रावरचा, माझ्या पहिल्या नेमणुकीतला.
क्षयाची औषधं दोनदा सोडली त्यानं.
मी कागदावर ‘ऐकत नाही’ असं लिहिलं,
वळणदार अक्षरात, खाली सही.
तिसऱ्यांदा तो आलाच नाही, त्याची बायको आली,
उरलेल्या गोळ्या परत द्यायला,
म्हणाली, दुसऱ्या कुणाला लागतील.
त्याचं नाव आठवतं. कारण आठवत नाही.
आठवेल कसं,
मी विचारलंच नव्हतं.

सोमवारी नाझनीन वही घेऊन आली.
पिंडरीवर जळवांचे दोन डाग, पिशवीत नाचणी.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द : गवा.
वरच्या ऑफिसातून फोन आला,
संगणकात याला कोड नाही, सर,
‘इतर’मध्ये टाकू का?
म्हटलं, टाकू नका.
तिथंच राहू द्या त्याला, उभा.
आणि मी सही केली.

तीन आठवड्यांनी मालनचा निरोप :
दाब एकशे अठ्ठावन्न.
अजून जास्तच आहे.
मीठ, लोणचं, ताकातलं मीठ,
आणि मुलगा पुण्यात, फोन लागत नाही,
हेही मोजायचंय.

गुरुवारी पहिल्या वर्षाचे दोघे येतायत,
एकाला डोंगराची सवय नाही, म्हणे.
मी त्यांना गाडीची वेळ सांगितलीय.
सुट्टे पैसे घेऊन या म्हटलं.